ओठांवरचे टाके

जावयाने लेकीला केसांना धरून उंबऱ्याबाहेर ओढलं, तेव्हा पाळकसाहेब नाताळचा उपदेश लिहीत बसले होते. हातातली लेखणी टाकून ते मधे पडले. ठोसा त्यांच्या तोंडावर बसला आणि वरचा ओठ दातांत सापडून फाटला. लेकीचं डोकं पायरीवर आपटलं. पाळकीणबाईंनी दाराचा अडसर उचलून जावयाच्या पाठीत घातला, तेव्हा कुठे तो पळाला.

डॉक्टरांनी टाके घातले. "आठवडाभर ओठाला ओठ लावू नका. टाके तुटतील."

दुपारी चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष आले. "झालं गेलं विसरा, साहेब. उद्या पाचच मिनिटं बोला, क्षमेवर. शेवटी दोघांना पुढे बोलवून हातात हात द्या. सणासुदीला घरातलं घरात राहू दे."

साहेबांनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींना हेच सांगून नांदायला धाडलं होतं.

"बाबा, आता तो मला जिवंत ठेवणार नाही," लेक आतून म्हणाली. ती रडली नाही, त्याचीच साहेबांना धास्ती वाटली.

अध्यक्ष गेल्यावर बाईंनी उपदेशाचा कागद ओढून घेतला. "म्हणा, प्रभू."

"ह्रऊ."

"प्रेम? बाळ?"

साहेबांनी हात हलवला.

"क्षमा?"

"क्षआ."

"घ्या. ओठाला ओठ लागल्याशिवाय तुमच्या धर्मातला एक शब्द निघेल तर शपथ," बाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांचेच डोळे भरले. मग दोघांनी मिळून प, ब, म असलेला शब्द न् शब्द खोडला. कागदावर फारसं काही उरलं नाही.

"शांती येते का?"

"शांती," साहेब म्हणाले.

"तोंडात आली. घरात कधी यायची?"

सकाळी चर्च गच्च भरलं. जावई दरवर्षीसारखा गीतांच्या साथीला पेटीवर बसला होता, कडक इस्त्रीत. साहेब सावकाश बोलले, "तारणारा आला, तर दार लागलेलं. जागा नाही, घरोघरी हेच उत्तर."

इथे ते थांबले. अध्यक्षांनी आधी लेकीकडे, मग पेटीकडे बोट दाखवलं. लेकीने पुढचा बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

साहेबांनी ओठ मिटले.

"माझी मुलगी," ते म्हणाले, आणि पहिला टाका तुटला. रक्त हनुवटीवरून पांढऱ्या झग्यावर उतरलं. "माझी मुलगी परत जाणार नाही. यापुढे कुणाचीच मुलगी मी परत पाठवणार नाही. आमेन."

आमेन म्हणताना उरलेले टाकेही गेले.

जावई उठून मधल्या वाटेने बाहेर पडला. कुणी त्याला अडवलं नाही, की कुणी त्याच्या मागे गेलं नाही. शेवटचं गीत पेटीशिवाय झालं. लेक पहिल्या ओळीपासून गात होती. सूर काही केल्या लागत नव्हता.