दुसऱ्या ओळीतलं मधलं

म्हसा गावच्या जत्रेतला स्टॉल आवरून सारिका आली ती थेट पडवीत येऊन बसली. पिशवीत तांदळाच्या पापडासारख्या फेण्यांची उरलेली सात-आठ पाकिटं होती. ती तिने मितालीपुढे ठेवली आणि म्हणाली, "वैनी, आपला पेज मेलाय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? कल्याणच्या एका मोठ्या दुकानाचा माणूस आलेला. जगदीश म्हणून. खाऊन बघितली, आवडली. मंग पाकिटावरचा पेज उघडला फोनवर. मला म्हणतो, ताई, अडीच वर्षांत काय टाकलेलं नाय, धंदा चालू आहे का बंद झाला? आमचे शेठ आधी पेज बघतात, मग माल." सारिकाने कपाळावर हात मारला. "अकरा बाया मरमर करतात आणि तो म्हणतो बंद झाला का!"

मिताली नुकतीच मुरबाडहून आली होती. तिथल्या एका दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरी करत असे. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलेली, बोलायला कमी, वहीत लिहायला जास्त. लग्न होऊन ती किन्हवलीजवळच्या या घरात आली तेव्हा बचत गटाच्या फेण्यांना नाव नव्हतं. नाव दिलं नेहाने, तिच्या नणंदेने. आईच्या हातच्या फेण्या म्हणून आईचंच नाव, 'भागीरथी फेण्या'. पेजही तिनेच काढलं होतं. अडीच वर्षांपूर्वीच्या श्रावणात नेहाला ताप आला. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट अकरा हजारांवर आल्या, पाचव्या दिवशी ती गेली. चोविसावं वर्ष चालू होतं तिला. त्यानंतर पेजला कुणी हात लावला नव्हता.

"पासवर्ड?" मितालीने विचारलं.

"तो नेहाने पिठाच्या डब्याच्या झाकणावर लिहिलाय ना आतून. इसरायची ती सगळं."

झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करची अक्षरं खरंच अजून होती.

कामाला लागण्याआधी असलेल्या गोष्टीची नोंद करायची, ही मितालीची सवय. तिने वहीत रकाने आखले आणि पेजवरच्या सगळ्या सेहेचाळीस पोस्टची यादी केली: तारीख, विषय, किती वेळा पाहिलं. तीन दिवस तिने आकडे तपासले, म्हणजे पेजवर कुणी येतंय का ते कळलं असतं. कुणी येत नव्हतं. पंचेचाळीस आकडे जिथल्या तिथे होते. एक मात्र हलत होता. सोमवारी ११३६, मंगळवारी ११३७, बुधवारी ११३८.

एका ओळीत तीन चौकटी, त्यातल्या दुसऱ्या ओळीतला मधला व्हिडिओ. एकवीस सेकंदांचा. नेहाने फोन उलटासुलटा धरलेला, त्यामुळे दिसते ती बहुतेक शेणाने सारवलेली जमीन, तांदळाच्या पिठाचं पातेलं आणि भागीरथीचे पाय. बाकी सगळा नेहाचा आवाज.

"आये, पीठ लई आंबला गो."

"पाणी बदलायला सांगितला होता ना तुला? कितीदा सांगायचा?"

"इसरले."

"इसरले! आता बस खात तो आंबट ढाण."

आणि मग नेहाचं हसणं. हसताना तिला ठसका लागतो, फोन हलतो आणि व्हिडिओ संपतो.

फेण्यांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवतात आणि पाणी रोज बदलतात. एक दिवस जरी चुकला तरी पीठ फसतं. ते नेहाने विसरावं आणि वर सगळ्या जगाला दाखवावं, हे फक्त तीच करू जाणे.

हा व्हिडिओ रोज कोण बघतं? नेहाला कुणी आवडत असेल का, असाही विचार मितालीच्या मनात येऊन गेला. तिने आकड्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि कामाला सुरुवात केली.

आठवड्याभरात तिने नऊ व्हिडिओ टाकले. सकाळच्या उन्हात, स्वच्छ पांढरं कापड अंथरून. ताटलीवर पसरलेलं पातळ पीठ, वाफेवर शिजून काचेसारखी झालेली फेणी, तिची कडा नखाने सोडवून अलगद उचलणारे भागीरथीचे हात. मागे सारिकाने निवडलेलं एक चालू गाणं. पॅकेटचा फोटो नवा, पत्ता नवा, फोन नंबर नवा. जुन्या प्रश्नांनाही तिने उत्तरं दिली. एका बाईने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, 'उपवासाला चालतात का?' मितालीने लिहिलं, 'नाही, तांदळाच्या आहेत. उशिराबद्दल क्षमस्व.'

सारिका खूश झाली. "आता कसा दुकानासारखा वाटतो!"

नऊपैकी एका व्हिडिओचा आकडा आठवड्यात चार हजारांपुढे गेला. मितालीने तोही वहीत लिहिला. लिहिताना तिची नजर प्रश्नचिन्हावर गेली. नेहाच्या व्हिडिओपुढे ११४१ होते. काल ११४१, परवाही ११४१. मागची पानं चाळल्यावर दिसलं की पहिला नवा व्हिडिओ पडला तेव्हापासून तो आकडा थांबला होता.

रविवारी दुपारी ती मागच्या अंगणात गेली. फेण्या वाळत होत्या. भागीरथी भिंतीला टेकून बसली होती, हातात नेहाचा जुना फोन. ती बोटाने काचेवर काहीतरी मोजत होती. एक ओळ, दोन ओळी, मग मधलं. बोट टेकवलं की सारिकाचं गाणं वाजायला लागायचं. भागीरथी ते घाईने बंद करायची आणि पुन्हा वरून मोजायची.

"काय शोधता, आई?"

भागीरथी दचकली. मग फोन पुढे करून म्हणाली, "बिघडला गो हा. नेहा सापडत नाय."

भागीरथीला अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र येत होते. एसटीची वेळ, कॅलेंडरची तारीख, गिरणीतलं वजन, यात तिला कुणी फसवू शकत नसे. अडीच वर्षं पेज जसंच्या तसं पडून होतं, म्हणून नेहाची जागा तिला पाठ झाली होती. दुसरी ओळ, मधलं. मितालीने टाकलेला प्रत्येक व्हिडिओ नेहाला एकेक घर मागे ढकलत गेला होता. नऊ झाल्यावर ती पाचव्या ओळीत गेली होती. पण तिकडे खाली जायचं असतं, हे भागीरथीला कुणी सांगितलंच नव्हतं.

मितालीने काचेवर बोट सरकवून खाली कसं जायचं ते दाखवलं आणि व्हिडिओ लावून दिला. आये, पीठ लई आंबला गो. भागीरथी हसणं संपेपर्यंत ऐकत राहिली. मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि कोपऱ्यातला आकडा वाचला.

"अकराशे एकेचाळीस." तिचा चेहरा उतरला. "म्हंजे आठ दिस कुणीच आला नाय."

"कोण यायचं, आई?"

"लोका. रोज येतात ना तिला बघायला. मी फेण्या पलटल्या की दुपारी उघडते, एकदाच. कालच्यापेक्षा आज एक जास्त असतोच. पाऊस असो, सण असो. दिवाळीत पन आला कुणीतरी." तिने फोन पदराने पुसला. "तिच्या दहाव्याला एवढी माणसं नव्हती गो. मला वाटायचा, कुठं कुठं वळख असंल तिची. आता इसरली वाटतं."

एकतीस महिने, साधारण नऊशे चाळीस दिवस. हिशेब मितालीच्या डोक्यात आपोआप होऊन गेला होता. घरात जाऊन तिने स्वतःच्या फोनवर तो व्हिडिओ एकदा पाहिला आणि थांबली. थोड्या वेळाने ११४३ झाले. एक भागीरथीचा, एक तिचा. वहीतलं प्रश्नचिन्ह तिने खोडलं, पण त्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना.

सोमवारी दुपारपर्यंत न थांबता सकाळीच भागीरथी चुलीपुढून ओरडली, "अगो मिताली, आला! दोन वाढलं!" तिच्या आवाजात एवढा हुरूप कित्येक महिन्यांत नव्हता. मितालीने भाकरी बांधली आणि एसटी पकडली. प्रयोगशाळेत दुपारी नमुने लावताना ती दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा तिने तो व्हिडिओ उघडला. आपण नोंदीत ढवळाढवळ करतोय हे तिला कळत होतं. बुधवारपर्यंत तिने हे केलं.

बुधवारी संध्याकाळी सारिका आली. जगदीशचा निरोप होता. शेठना पेज आवडलं, पण खाली एक व्हिडिओ आहे, त्यात पीठ फसल्याचं बोलणं आहे, 'आंबट ढाण' असा शब्द आहे. गिऱ्हाईक काय म्हणेल? तो काढा, म्हणजे उद्या ऑर्डर पक्की करतो.

"सारिका, तो नेहाचा आहे."

"मला ठाव नाय का? मैतरीण होती माझी." सारिका खाली बघत म्हणाली. "पन वैनी, अकरा घरं हायेत. काकीच्या फोनमंदी घालून द्या ना. रोज बघू दे तिथं."

मितालीने नवऱ्याला, म्हणजे नेहाच्या भावाला, सुयोगला विचारलं तर तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "आवाज राहिला म्हणजे झालं. पेजवर असला काय न् फोनात असला काय." जेवताना मात्र त्याने ताटात भात तसाच ठेवला.

मितालीने व्हिडिओ उतरवून भागीरथीच्या फोनमध्ये ठेवला, अगदी पहिल्या पडद्यावर, की मोजायलाच नको. मग पेजवरून तो काढला. दुसऱ्या दिवशी तिने रजा घेतली. दुपारी फेण्या पलटून झाल्यावर तिने भागीरथीला नवी जागा दाखवली.

भागीरथीने व्हिडिओ पाहिला. मग कोपऱ्यात बघितलं. फोन तिरका करून बघितलं.

"आकडा कुठं हाय?"

"इथे आकडा नसतो, आई. हा फक्त तुमच्या फोनमध्ये आहे. आता कधी हरवणार नाही."

"मंग बाकीची कशी येणार?"

"इथे कुणी येऊ शकत नाही."

"म्हंजे तिला एकटीला ठेवली?"

मितालीला वाटलं, खरं सांगितलं तर हे दुःख कमी होईल. काही हरवलंच नाही, हे कळेल. नाही तरी भागीरथी आयुष्यभर आकड्यांवरच विश्वास ठेवत आली होती. ती भागीरथीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, ती एकटी झाली नाही. बघणारं माणूस आहे तेवढंच आहे. तुम्ही उघडलंत की तो आकडा एकाने वाढायचा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला तोच वाढलेला दिसायचा. रोज येणारं माणूस म्हणजे तुम्हीच."

भागीरथीने पुन्हा एकदा त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"सगळी मीच?"

"पहिले दोनशे सोडून," मिताली म्हणाली. आकडा चुकीचा सांगणं तिला तेव्हाही जमलं नाही.

"ती दोनशे कधी आली?"

"ती होती तेव्हा."

"आणि गेल्यावर?"

मितालीने मान खाली घातली. अंगणात एक कोंबडी फेण्यांच्या कापडाकडे आली, तिला हाकलायलाही भागीरथी उठली नाही. मग म्हणाली, "सोमवारी दोन वाढलेलं. तो दुसरा कोन?"

"मी."

"हं." तिने फोन बंद केला आणि आत जाऊन पिठाच्या डब्याशेजारी ठेवला, काच खाली करून.

ऑर्डर पक्की झाली. महिन्याला दोनशे पाकिटं. सारिकाने पेढे वाटले. गटातल्या रेश्माने आणि इतर बायांनी मितालीला साडी नेसवली आणि पुढचे व्हिडिओ कसे काढायचे याची चर्चा पडवीत रंगली. भागीरथी त्यांच्यात बसली होती, कुणी विचारलं की उत्तर देत होती. दुपारी फेण्या पलटून झाल्यावर ती आता भिंतीला टेकत नसे, लगेच दुसरं काम काढी. फोन डब्याशेजारी तसाच होता. चौथ्या दिवशी मितालीने तो हातात घेतला तेव्हा बॅटरी संपून तो कधीचा बंद पडला होता. तिने तो चार्जिंगला लावला आणि चार्ज झाल्यावर होता तिथेच ठेवला.

एका सकाळी तिने भागीरथीला तो सगळ्यात गाजलेला नवा व्हिडिओ दाखवला. काचेसारखी फेणी, अलगद उचलणारी बोटं. "बघा आई, तुमचे हात. सहा हजार झाले."

भागीरथीने आकडा वाचला. "यातली माझी किती?"

"एकही नाही. ही सगळी बाहेरची."

"मला वळखतात?"

"नाही."

"मंग बरा हाय," भागीरथी म्हणाली आणि फोन परत दिला. पदर खोचून ती तांदळाच्या पातेल्याकडे वळली आणि वाकता वाकता तिने विचारलं, "पाणी बदललास का?"

"बदललं," मिताली म्हणाली. ती कधी विसरत नसे.

भागीरथी तशीच वाकलेली, मान वळवून थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पातेल्यात हात घातला, मूठभर तांदूळ उचलून नाकाशी नेले, आंबट वास नव्हता, आणि परत पाण्यात सोडले.