फ्लायव्हीलकडची बाजू

माझा नवरा नेव्हिल गेला तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाडीचा गिअरबॉक्स होता, आणि पुढचे तीन महिने तो तिथेच राहिला. अंत्यविधीनंतर माणसं घरी आली, सँडविच खाल्ली, चहा प्याली, टेबलाला वळसा घालून गेली. एकानेही विचारलं नाही की हे काय आहे. कॉव्हेंट्री हे गाड्यांच्या कारखान्यांचं शहर, इथे हे कुणी विचारत नाही. इथे निम्म्या घरांत कधी ना कधी कुठल्यातरी गाडीचं आतडं टेबलावर पडलेलं असतं, आणि बायका त्याच्या शेजारी पाव कापायला शिकलेल्या असतात.

मी बेरील. एकाहत्तर वर्षांची, आणि लोक म्हणतात तशी तोंडाने फटकळ. म्हणू देत.

गाडी म्हणजे ट्रायम्फ, सदुसष्ट सालची, दोनच माणसांची, टप मागे दुमडता येतो अशी. या गाडीचा क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खालून निघत नाही. तो बसायच्या जागेतून, दारातून बाहेर काढावा लागतो. आधी सीटा काढा, गालिचा काढा, मधलं झाकण काढा. मग दोन्ही दारांतून आडवा लाकडी वासा टाका, त्याला पट्ट्याने गिअरबॉक्स टांगा. एक माणूस गाडीखाली आणि एक आत, दोघं नसतील तर हे काम होतच नाही. चाळीस वर्षं खाली नेव्हिल आणि आत मी. बसवताना गिअरबॉक्सचा पुढचा दांडा क्लचच्या मधोमध असलेल्या दात्यांत शिरावा लागतो, आणि ते दिसत तर काहीच नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाची चकती केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहायची, कधीतरी तो आपोआप आत सरकतो. ते माझं काम. माझ्या बोटांना आधी कळायचं आणि नेव्हिलला मग. खालून तो विचारायचा, "आत?" मी म्हणायचे, "नाही अजून." कधीकधी दुपारभर आमचं एवढंच बोलणं व्हायचं, आणि मला ते पुरायचं.

यावेळी त्याने गिअरबॉक्स उघडून दुरुस्त केला होता, आणि शेवटच्या आठवड्यात नवा क्लच इंजिनाला बसवून ठेवला होता. क्लचच्या झाकणाला सहा बोल्ट असतात. ते त्याने आवळले शनिवारी. मंगळवारी सकाळी दाढी करताना पडला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता, तो मीच पुसला.

माझी मुलगी गेनर ब्रिस्टलला असते. तिचा दर रविवारी फोन. आई, गाडी आहे तशी विकून टाक, तुमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक उड्या मारत घेतील. घेतीलच. पण मला विकायची नव्हती आणि क्लबातल्या कुणाला नेव्हिलच्या कामाला हातही लावू द्यायचा नव्हता. ते सहा बोल्ट म्हणजे त्याने आयुष्यात शेवटचं पुरं केलेलं काम. कपडे मी देऊन टाकले होते, चष्माही दिला, पलंगाची त्याची बाजू आता कपड्यांच्या घड्यांनी भरली होती. मला एवढंच हवं होतं, की ते सहा बोल्ट त्याने आवळले तसेच राहावेत आणि त्यांच्यावर ती गाडी रस्त्याला लागावी. गेनरला हे सांगितलं असतं तर ती ताबडतोब गाडी काढून आली असती आणि मला डॉक्टरकडे घेऊन गेली असती. म्हणून मी म्हणाले, बघू.

सकाळी टेबलाच्या कोपऱ्यावर टोस्ट खायचं, गिअरबॉक्सकडे बघत. घर इतकं गप्प झालं होतं की फ्रीजची घरघर थांबली की मी मान वर करायचे. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात मी हार मानली आणि होरेस प्यूला फोन केला.

होरेस म्हणजे आमच्या क्लबाचा चिटणीस. आयुष्यभर कारखान्यात दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही ती सोडली नाही. आला तो इस्त्री केलेला डगला घालून. गाडीखाली जाऊन दिव्याने बघितलं आणि म्हणाला, "क्लच बसवलेला दिसतोय. नेव्हिलने का?"

मी नुसतं हूं केलं.

"मग बघायला नको," होरेस म्हणाला. हे मात्र खरं होतं. आमच्या क्लबात कुणाचं काही अडलं की नेव्हिलकडे यायचे. होरेससुद्धा यायचा, पण अंधार पडल्यावर.

गिअरबॉक्स बसवायला आम्हाला पाच तास लागले. तो माणूस खालून सतत बोलत होता. अगं सावकाश, अगं उजवीकडे, अगं तुला काय सांगतोय मी. मी चकती फिरवत होते आणि मला काही कळत नव्हतं, बोटं मेल्यासारखी झाली होती. शेवटी मी सांगितलं, होरेस, दहा मिनिटं तोंड मीट. त्याने मिटलं, आणि चौथ्या मिनिटाला दांडा आत गेला. खालून कुणी "आत?" म्हणून विचारलं नाही. मी आपलं मनाशीच हो म्हटलं.

बाकीचं सगळं मी एकटीने लावलं. आठवडा गेला. गुडघे सुजले. सीटा लावल्या, तेल भरलं, आणि एका गुरुवारी सकाळी दहा वाजता किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी क्लचचं पेडल दाबलं आणि पहिला गिअर टाकला, तर अशी करकर झाली की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. क्लच सुटतच नव्हता.

मी क्लचच्या तेलाच्या नळीतली हवा काढली. तीनदा काढली. पेडलाचा दाब खाली पोचवणारा छोटा पंप नवा घातला. नेव्हिलची जुनी वही काढून पानन् पान वाचलं. क्लच सोडून बाकी सगळ्यावर मी संशय घेतला. चौथ्या दिवशी दुपारी गॅरेजच्या जमिनीवर बसले आणि स्वतःला सांगितलं, की बाई, आता लपवाछपवी पुरे. दोष आत आहे. गिअरबॉक्स पुन्हा काढायचा आणि ते सहा बोल्टही काढायचे. मी तिथे बसून रडले. तीन महिन्यांत रडले नव्हते तेवढी रडले, आणि तेही बोल्टांसाठी. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

होरेस पुन्हा आला. यावेळी डगल्याला इस्त्री नव्हती, तेवढंच समाधान. गिअरबॉक्स बाहेर निघाला तेव्हा एक वाजून गेला होता. मी त्याला म्हटलं, जा, कोपऱ्यावरून मासे आणि चिप्स घेऊन ये, रांग असेल पण सावकाश ये. तो गेल्यावर पाना घेतला आणि गाडीत पोटावर आडवी झाले.

पहिल्या बोल्टावर पाना लावून मी बराच वेळ तशीच पडून राहिले. मग काढला. मग दुसरा. सहाही काढून ओळीने रुमालावर ठेवले, झाकण काढलं, आणि आतली क्लचची प्लेट हातात आली. तिच्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं होतं: ही बाजू फ्लायव्हीलकडे. आणि ती बाजू माझ्याकडे होती. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, पलीकडे, इंजिनाला चिकटलेलं. प्लेट उलटी बसवलेली होती.

एक गोष्ट मी आत्तापर्यंत सांगितली नाही. सांगणारही नव्हते.

नेव्हिल काम करताना चष्मा घालायचा नाही. गाडीखाली तो नाकावरून घसरतो म्हणायचा. वाचायचं काही असलं की मला हाक मारायचा. भागांचे नंबर, डब्यावरच्या सूचना, कोरलेली अक्षरं, सगळं चाळीस वर्षं मी वाचलं. जुन्या प्लेटी एका बाजूने चांगल्या फुगीर असायच्या, हाताला समजायचं. ही नवी प्लेट दोन्हीकडून जवळजवळ सारखीच, वाचल्याशिवाय कळायची नाही. आणि त्या शनिवारी आमचा अबोला होता. गुरुवारी त्याने गिअरबॉक्समधलं जळकं तेल माझ्या आईच्या वाडग्यात काढलं होतं, ज्यात मी नाताळचं पुडिंग करते त्यात. मी बटाटे सोलत होते, खिडकी उघडी होती. गॅरेजमधून त्याने हाक मारली, "बेरील, जरा येऊन वाचतेस का?"

मी म्हणाले, "तुझं तूच वाच."

त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारणारा नव्हताच तो. रविवारी जेवताना आम्ही परत बोलायला लागलो, त्याने वाडगा नवा आणतो म्हटलं, मी म्हटलं राहू दे. प्लेटीचा विषय त्याने काढला नाही. वाचली का, एवढं तरी मी विचारायचं. मला सुचलं नाही.

मी प्लेट छातीशी धरून गाडीत पडून होते तेवढ्यात होरेस कागदाच्या पुड्या घेऊन आत आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग रुमालावरच्या बोल्टांकडे, मग प्लेटीकडे. आयुष्यभर चुका काढलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

"उलटी होती?" तो म्हणाला. "म्हणजे नेव्हिलने..."

त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं. दुष्टपणा नव्हता. पण महिन्याच्या बैठकीत दुसऱ्या पेल्याला सांगायची गोष्ट त्याला सापडली होती. नेव्हिलसुद्धा, काय सांगू तुम्हाला, शेवटी शेवटी प्लेट उलटी बसवायला लागला होता.

"नेव्हिलने नाही," मी म्हणाले. "त्याने बरोबरच बसवली होती. मी एप्रिलमध्ये काढून बघितली आणि परत लावताना उलटी लावली."

त्याने इतक्या चटकन विश्वास ठेवला की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. सुटकेचा श्वास सोडला त्याने. "तरीच," म्हणाला. "अगं, पण कशाला हात लावायचा? चांगलं बसवलेलं होतं त्याने."

"चुकलं," मी म्हणाले.

आम्ही मासे आणि चिप्स गॅरेजमध्ये उभ्या उभ्या खाल्ले. मग मी प्लेट सुलटी केली, अक्षरं फ्लायव्हीलकडे, आणि सहाही बोल्ट स्वतः आवळले. होरेसने प्रत्येक बोल्ट तपासला. संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स आत होता, आणि पुढच्या आठवड्यात गाडीचे चारही गिअर लोण्यासारखे पडायला लागले. मी ती एकटी शेजारच्या केनिलवर्थ गावापर्यंत नेऊन आणली. टप उघडा ठेवला होता. शेजारची सीट रिकामी, म्हणून नकाशा तिच्यावर ठेवला, तो पहिल्याच वळणाला उडाला.

आता मी दर महिन्याला क्लबात जाते. घरी बसून काय करणार? होरेसने गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि पुरुषांना ती फारच आवडली. नेव्हिलचं नाव निघालं की अजून आवाज खाली करतात, म्हणतात असा हात पुन्हा होणे नाही. आणि माझ्याकडे वळून कुणीतरी हमखास विचारतो, "काय बेरील, त्या प्लेटीवर लिहिलेलं असतं की. तुला नुसतं वाचायचं होतं."

सगळे हसतात. मीही हसते, आणि म्हणते, हो ना, वाचायला हवं होतं मी. मग ते दुसऱ्या विषयाकडे वळतात आणि मी आपली घरी येते.