सातव्या खोलीचे दोन पत्ते

ही गोष्ट म्हणजे निव्वळ थाप आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल त्या गोदामाच्या सातव्या खोलीत एक चक्कर मारून यावी. आले परत, तर मी चारचौघांत कान धरीन. माझेच.

गोदाम सासऱ्यांचं. लोकांचं अडगळीचं सामान ठेवायच्या खोल्या, लांबलचक बोळ, वर सरकणारी पत्र्याची दारं. कुलपं नव्हतीच. त्यांच्या थोरल्या सुनेने पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला होता. मोबाइलवर खोलीचा पत्ता टाकला की दार वर जायचं. पत्ता साधाच: आधी ‘दारं’, मग खोलीचा आकडा. पण दारं, दिवे, पंखे, सामान सगळं एकाच फाइलमध्ये कोंबल्याने असा गुंता झाला होता, की दिव्याला हात लावावा तर पंखा रुसायचा. शेवटी एका दुपारी तिने फाइल फोडली आणि ज्याचं त्याचं मोड्यूल, म्हणजे छोटी फाइल, वेगळं केलं.

लगेच दिराचा फोन. स्वारी सातव्या खोलीसमोर ढकलगाडी घेऊन उभी.

“वहिनी, दार ढिम्म हलत नाही. ‘पत्ता सापडला नाही’ म्हणतंय. सुधारणा केलीत वाटतं?”

“टोमणे नंतर मारा, भावोजी. बघते.”

बघितलं तर दारांच्या मोड्यूलमधल्या ओळींत ‘दारं’ आधीच होतं, आणि मोड्यूल जोडताना बाईंनी पुढे आणखी एक ‘दारं’ चिकटवलं होतं. त्यामुळे पत्ता झाला होता: दारं, दारं, सात. एक शब्द खोडायचा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, एवढंच काम. पण दीर घायकुतीला आलेला.

“तोवर ‘दारं’ दोनदा लिहा. उघडेल.”

उघडलं. चाकं कुरकुरत आत गेली. सून शब्द खोडायला बसली.

“वहिनी, सामान कुठे हलवलंत? इथे नुसता बोळ आहे. दोन्हीकडे दारंच दारं.”

“हो का? मग एखादं माझ्यासाठी राखून ठेवा,” ती म्हणाली. दिराची थट्टेची खोड घरात सगळ्यांना ठाऊक. तिने शब्द खोडला, सर्व्हर सुरू केला. तिच्या कचेरीबाहेर, बोळाच्या टोकाला सातव्या खोलीचा पत्रा धाडकन खाली आला.

मग मात्र तिला राहवेना. सातव्या खोलीशी जाऊन तिने नीट केलेला पत्ता टाकला. दार वर गेलं. आत कपाटं, गुंडाळलेल्या गाद्या, मागे भिंत. दीर नाही. ढकलगाडी नाही. कानाशी फोनमध्ये त्याचा श्वास तेवढा.

“भावोजी, आहात कुठे?”

“सातातच की! दार लागलं. उघडा ना, पुरे आता.”

तिच्या हाकेसरशी सासरे धापा टाकत आले. ऐकून त्यांचं तोंड पांढरं पडलं, पण डोकं चाललं. “माणूस घर बदलतो तेव्हा पोस्टात सांगतो ना, जुन्या पत्त्यावरचं नव्यावर पाठवा म्हणून? तसं काही लिहिता येतं?”

“येतं, बाबा.”

ती तिथेच जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसली. तेवढ्यात फोनमध्ये तो म्हणाला, “वहिनी, मी वाट शोधत एका दारातून पुढे आलो बहुतेक. इथेही तस्साच बोळ आहे.”

म्हणजे आता त्याच्या पत्त्यात ‘दारं’ दोनदा की तीनदा? ती धोका पत्करायला तयार नव्हती. तिने लिहून टाकलं: ‘दारं’ कितीही वेळा असो, सगळ्यांना इकडेच पाठव.

कपाटांमागची भिंत दिसेनाशी झाली. चाकं वाजली. केसांवर धूळ, हात गाडीच्या दांड्यावर, असा दीर बाहेर आला. सासऱ्यांनी त्याला मिठीच मारली. “गाढवा, जीव घेतलास!”

“तुमचाच लेक ना, बाबा,” तो हसला.

सुनेने डोळे पुसले. आणि कानाशी फोन बोलला, “वहिनी, उघडलंत का? आत्ता माझ्या शेजारून कोणीतरी गाडी ढकलत पुढे गेलं. मागूनही पुष्कळ चाकं येतायत.”

समोरचा दीर अजून हसतच होता. त्याच्या हातात फोन नव्हता.

ती नवी ओळ खोडली असती तर येणारे आतच थांबले असते. तिचा दीरही थांबला असता.

“धावा, भावोजी,” ती कुजबुजली. “सगळ्यांच्या पुढे या.”

आणि आतली सगळी चाकं एकदम धावायला लागली.