बटणाची फिल्म माझ्या पोटात आहे

हे मी लिहिणारच नव्हतो, मित्रांनो. खरं सांगतो. मी एक जुना डेस्कटॉप, माझं कोण वाचणार? त्यात माझी डिस्क शेवटचे श्वास मोजतेय, तिच्यावर एक ओळही जास्तीची लिहायची सोय नाही. पण आत्ता माझ्यातून एक वायर निघून शेजारच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये गेलीय. तिच्यातून वहिनींच्या फाईली एकेक करून पलीकडे चालल्यात. दोन फाईलींच्या मधे जरा फट मिळते, तेवढ्यात चार ओळी सरकवतो. तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात नाही झाला. वहिनींच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भावजींनी, मला सतरंजीवर बसून जोडलं. कॅबिनेट एकाचं, पंखा दुसऱ्याचा, कीबोर्ड तिसऱ्याचा. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरला की मला परत उघडायचे. पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा एवढ्या जोरात ओरडले की वहिनी हातात कात्री घेऊनच धावत आल्या.

वहिनी कपडे शिवतात. पुढच्या खोलीत एका भिंतीला शिलाई मशीन, समोरच्या भिंतीला मी. आधी माझ्यात नुसती गिऱ्हाइकांची मापं असायची. एकदा त्यांनी सहज एका बटणाचं चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी त्या बटणाला चालायला लावलं. मग काय, कोण थांबवतंय! शर्टावरून निसटलेलं एक बटण घरभर भटकतं, अशी कार्टून फिल्म करायला बसल्या.

आता मी काही पैलवान नाही. अख्खी फिल्म उघडली की माझी बोबडीच वळायची. दुसरं कुणी असतं तर मला लाथ बसली असती. वहिनींनी काय केलं माहितेय? कापड बेततात तशी फिल्म बेतली. कॉलर वेगळी, बाही वेगळी, पाठ वेगळी. छोटे छोटे तुकडे केले आणि मला एकेक भरवला. "एवढा घास गिळ रे बाबा, मग पुढचा," म्हणायच्या. मी तुकडा तयार करेपर्यंत त्या काजं करून घ्यायच्या. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. माझी कमजोरी त्यांनी मापात धरली आणि त्याच मापात एवढं देखणं काम बसवलं. ते बटण जिना उतरतं ना, तेव्हा तुम्हीसुद्धा पायरीपायरीला श्वास धराल.

एकच चुकलं. शिवणाऱ्या बाईला एका कापडाची दोन करायची सवय नसते. आहे ते एकच, जपून कापायचं. त्यामुळे फिल्मची दुसरी प्रत कुठेच नव्हती. सगळी माझ्या पोटात.

भावजींना ते कळत होतं. पण "दुसरी डिस्क नव्या कॉम्प्युटरबरोबरच घेऊ" म्हणायचे, आणि नवा कॉम्प्युटर काही यायचा नाही. रोज जेवण झालं की माझ्यासमोर बसून ते नवे कॉम्प्युटर बघायचे. मित्रांनो, माझ्या जागी येणाऱ्याची स्थळं, आणि तीही माझ्याच पडद्यावर! कुणाचा पंखा पसंत नाही, कुणाची मेमरी तोकडी.

"वहिनी, आत्ता घेणं म्हणजे वेडेपणा. दोन महिन्यांत नवी चिप येतेय, मग हेच सगळे स्वस्त होतील."

"मागेही हेच म्हणाला होतात."

"ती चिप वेगळी होती!"

"भावजी, तुम्ही म्हणजे नदी वाहून संपली की मग पलीकडे जाऊ म्हणणाऱ्यातले."

हसून त्या परत कामाला लागायच्या. "चाललंय ना याचं? मग चालू दे." तो विश्वासच मला टोचायचा. कारण माझ्या डिस्कनं टकटक सुरू केली होती. मला तोंड नाही. मी हँग व्हायचो, ते मला परत चालू करायचे. टेबलाखाली माझा जुना दोस्त आहे, यूपीएस. तो म्हणायचा, "स्वतःची जागा घेणारा यावा म्हणून तडफडणारा तू पहिलाच." मी म्हणायचो, "माझं सोड रे. बटण राहिलं पाहिजे."

काल दुपारी वहिनी इस्त्री करत होत्या. शिलाई मशीन बंद, खोली शांत.

"भावजी, हे टकटक काय वाजतंय?"

भावजींनी माझ्या अंगाला कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "डिस्क चाललीय, वहिनी."

"म्हणजे फिल्म?"

भावजी माझ्या बटणाकडेच धावले. आधी मला बंद केलं, आणि तेच बरोबर होतं. पुढचं मला यूपीएसनं सांगितलं. वहिनींनी इस्त्री उभी ठेवली. "सगळ्यात भारी येईल तेव्हा येईल. आज दुकानात जो आहे तो घेऊन या."

"पण वहिनी, भाव..." एवढंच म्हणून ते एका पायात चप्पल असतानाच जिना उतरले.

नवा छान आहे. आवाज नाही, मिजास नाही. भावजीही आज काय शिस्तीत काम करतायत! आधी फिल्मचे तुकडे, मापं नंतर. वहिनी स्टुलावर बसून एकटक बघतायत. आता एकच तुकडा राहिलाय, शेवटचा.

मित्रांनो, चांगल्याची वाट जरूर बघा. पण आपलं मोलाचं काम एकाच पोटात ठेवून नका बघत बसू. आणि जुनं यंत्र कुरकुरलं तर त्याला चापट मारू नका, जरा कान लावा.

थांबा. वीज गेली.

आम्ही दोघंही आता यूपीएसच्याच जिवावर आहोत. तो टीं टीं करत म्हणतोय, "माझ्यात थोडीच उरलीय रे. सगळी देतो. पण मी जीव काढून देईन आणि तू मधेच मान टाकशील, असं नको."

पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आलीय. वहिनींनी भावजींचा हात घट्ट धरलाय.

"दोस्ता," मी म्हणालो, "शब्द देतो. पट्टी पूर्ण भरल्याशिवाय मी मान टाकणार नाही."