वाचून न दाखवलेला दाखला

सकाळची प्रार्थना संपली तरी मोठ्या बाईंनी मुलींना बसू दिले नाही. त्यांच्या हातात दवाखान्याचे रजिस्टर होते. प्रतिमाची आई क्षयाने गेली आहे, तिलाही महिनाभर खोकला आहे, तेव्हा सगळ्यांनी तिच्यापासून जपून राहावे, असे त्यांनी सांगितले. हजेरी घ्यावी इतक्या सहज.

रांगेत शेजारी उभी असलेली तिची मैत्रीण स्नेहलता पाऊलभर सरकली.

प्रतिमाच्या अंगाची लाहीलाही झाली. वरवट बकालहून या नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरीण व्हायला आल्यापासून आईचे दुखणे तिने कुणालाच सांगितले नव्हते. शाळेच्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा दार लोटून घेऊन त्यांना एकट्यांना सांगितले होते.

ती तडक दवाखान्यात गेली. नोंद मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारची आहे, बाईंना ती पाहावीच लागते, असे डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

"मंग मलेही पाहू द्या. काय लिवलं माह्याबद्दल?"

"रोग्याला दाखवायची पद्धत नाही."

"साऱ्या शाळेनं आयकलं ना जी. माह्या छातीत काय आहे, ते मलेच काऊन नाही?"

डॉक्टरांनी रजिस्टर मिटले आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

शाळेने कळवले तसे तिला घरी न्यायला वडील पुंजाजी आले. ते शिंपी होते. ते निघण्याआधीच बातमी गावात पोचली होती. दोन घरांनी शिवायला दिलेले कापड तसेच परत नेले होते. ते पोरीला रागावले नाहीत. गावी न नेता थेट बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय नव्हता. खोकला साधा होता.

तसा दाखला घेऊन ती शाळेत परतली. तो वाचून मोठ्या बाईंना मनापासून आनंद झाला. उद्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना वाचून दाखवते, म्हणाल्या.

प्रतिमाने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. "तुम्ही पाह्यला, झालं. वाचायचा नाही."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगते. मुली जवळ बसणार नाहीत तुझ्या."

"वाईट सांगतानी मले इचारलं नाही तुम्ही. आता चांगलं सांगाले मी देत नाही." तिने कागदाची घडी घातली. "माह्या मायचं दुखणं मी डॉक्टरले सांगतलं होतं. शाळेले नाही."

बाईंनी तिला हट्टी म्हटले आणि नाद सोडला.

संध्याकाळी ती जेवणाच्या पंगतीत मधोमध जाऊन बसली. दोन्ही बाजूंच्या मुली उठल्या. स्नेहलता ताट उचलून क्षणभर घुटमळली, मग तीही पलीकडे गेली. वाढणारीने लांबूनच भाकर टाकायला हात पुढे केला.

प्रतिमाने ताटावर हात आडवा धरला.

"जवळ येऊन वाढा," ती म्हणाली, आणि ती बाई जवळ येईपर्यंत तिने हात काढला नाही.