ह्यांचा साधेपणा

आमच्या ह्यांना साधेपणाचं वेड लागलं ते रक्तदाब वाढल्यावर. डॉक्टर एवढंच म्हणाला होता की डोक्याला ताण देऊ नका. ह्यांनी त्याचा अर्थ असा काढला की नोकरी सोडायची, शहरातलं घर भाड्यानं द्यायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याकाठचं दोन खोल्यांचं घर घेऊन राहायचं. मला विचारलं नाही, सांगितलं. माझं पडदे शिवायचं दुकान होतं, हाताखाली दोन बायका होत्या. त्या सगळ्याला हे 'पसारा' म्हणाले आणि मोकळे झाले.

तिथं गेल्या गेल्या नियम झाले. धुण्याचं मशीन नको, मिक्सर नको, पाण्याला पंप नको. "आम्हाला फार काही लागत नाही," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. ह्यांना कशाला लागेल? जे लागायचं ते मी हातात आणून देत होते. पाणी मी भरायचे, कपडे मी आपटायचे, चूल फुंकून डोळे माझे लाल व्हायचे, आणि हे झाडाखाली मांडी घालून डोळे मिटून बसायचे. डोळे उघडले की पहिला प्रश्न, चहा झाला का? ह्यांच्या साधेपणात चहा बसायचा, कप विसळणं तेवढं बसत नव्हतं.

रविवारी ह्यांचे जुने ऑफिसवाले गाड्या काढून यायचे. "वहिनी, नशीबवान आहात हो," म्हणायचे आणि खरकटी ताटं माझ्या पुढ्यात ठेवायचे. मी तरी कुठे मुकी होते? कमरेवर हात ठेवून ऐकवायचे की ह्यांना निसर्ग मिळाला आणि मला कंबरदुखी. सगळे हसायचे. उठता-बसता मी त्या घराच्या नावानं बोटं मोडली, आणि अगदी मनापासून मोडली.

मग कधीतरी काहीतरी बदललं. नेमकं कधी, ते मला सांगता यायचं नाही. कपडे पिळून झाले की मी पाय ओढ्यात सोडून बसायला लागले. समोरच्या वाकड्या फांदीवर एक खंड्या यायचा, निळाशार, एखाद्या साहेबासारखी मान ताठ ठेवून. पाण्यात सूर मारायचा, बहुतेक वेळा रिकाम्या चोचीनं परत यायचा आणि जसं काही झालंच नाही असा पुन्हा ऐटीत बसायचा. मला त्याचं फार हसू यायचं. तळाच्या गोट्यांवर ऊन हलत राहायचं, पानं वाहत जायची, आणि सगळा जन्म शिलाईच्या मशीनवर वाकून काढलेली मी काहीही न करता बसून राहायचे. मला काही नको असायचं. असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. ह्यांना यातलं अवाक्षर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर रविवारी त्याचं भाषण झालं असतं. तोंडाची कटकट मात्र सवयीनं चालूच राहिली.

पुढे खालचा रस्ता खचला आणि गाड्या येईनाशा झाल्या. रविवार सुने जायला लागले. हे झाडाखालून लवकर उठू लागले, म्हणे गुडघे दुखतात. शांत बसलेल्या माणसाकडे बघणारं कुणी नसलं की गुडघे दुखतात, हे मला तेव्हा कळलं. एक दिवस बाजाराला म्हणून गेले आणि हसतच परत आले. घर विकून आले होते, एका दाताच्या डॉक्टरला. तो ते पाडून बंगला बांधणार होता.

"तुझ्यासाठी केलं," हे म्हणाले. "फार सोसलंस तू."

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो मी खाली ठेवला.

"अहो, मला नाही जायचं. तुम्ही जा खुशाल, मी राहते. मला इथं बरं वाटतं."

हे हसले. "रोज कटकट तर तूच करायचीस."

करायचे ना. कटकट केली म्हणजे आवडत नव्हतं का? बाई पोटच्या पोरांवरही दिवसभर करवादते, म्हणून काय ती पोरं कुणी विकून येतं? हे सगळं मी बोलले. भांडले, रडले, अबोला धरला. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, आई, मला यातून सोडव असं तूच म्हणायचीस ना? बाबांनी तुझ्यापायी एवढं आवडतं घर सोडलं, आता त्यांना छळू नकोस. मला तिचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. घर ह्यांच्या नावावर होतं. माझ्या नावावर नुसती कटकट.

आता आम्ही पुन्हा शहरातल्या घरी, चौथ्या मजल्यावर आहोत. रविवारी बाहेरच्या खोलीत माणसं जमतात आणि हे त्यांना कमी गरजांत कसं सुखानं राहावं ते सांगतात. छान सांगतात, नावं कशाला ठेवू. मी चहा देते. परवा एका नव्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला आठवण येते का हो तिथली?"

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले, "हिला कसली आठवण? हिच्यासाठी तर सोडलं सगळं." सगळ्यांनी ह्यांच्याकडे काय आदरानं बघितलं.

"येते," मी म्हणाले. "रोज येते. जीव तुटतो माझा."

मग जुन्यांपैकी एक जण म्हणाला, वहिनींचा स्वभाव पहिल्यापासूनच विनोदी, आणि सगळे पोट धरून हसले. हे सगळ्यांत जास्त हसले.