नाशपातीच्या बुंध्याशी मीठ

धाकटीने थंडी पडायच्या आधीच सगळं रीतसर केलं होतं. अंगणातल्या नाशपातीच्या मुळांवर सुक्या पानांचा थर घातला, बुंध्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळलं. झाड कोवळं होतं. थंडीचं ती बघून घेणार होती, पण घरच्या माणसांचं काय करायचं?

बर्फ पडला तशा थोरल्या जाऊबाई मिठाचं घमेलं घेऊन बाहेर आल्या आणि पायरीपासून फाटकापर्यंत मुठी भरभरून मीठ फेकत सुटल्या. बर्फ विरघळायला लागला की मोठे दीर तो रेंदा फावड्याने ओढायचे आणि नेमका झाडाच्या बुंध्याशी लोटायचे.

“भाऊजी, तिथे नको ना! त्यात मीठ आहे, मुळं जळतील.”

“मग कुठे टाकू? डोक्यावर घेऊन हिंडू?”

मिठाऐवजी पसरायला तिने वाळूचं पोतं आणलं. जाऊबाई घरी कपडे शिवायच्या, म्हणाल्या, “वाळू घरभर होते, कापडात शिरते.” नवऱ्याला सांगितलं, तर “तुम्ही दोघी काय ते बघा,” म्हणून त्याने चहाच्या कपात तोंड खुपसलं.

एका सुट्टीच्या दिवशी तिने पानं उचलून पाहिली. खाली मिठाचा पांढरा थर. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“ताई, कितीदा सांगायचं? मी जिवाचं रान करतेय आणि तुम्ही रोज त्याच्यावर मीठ ओतताय!”

जाऊबाईंनी बाही वर केली. मनगट किंचित वाकडं होतं. “मागच्या हिवाळ्यात इथेच आपटले मी. फांदी मोडली तर दुसरी फुटते गं. हे पुन्हा मोडलं तर मी शिवू कशाने?”

दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम धाकटीचंच. ते मनगट तिनेच यंत्राखाली ठेवलं होतं. “पुन्हा शिवता येईल ना?” असं जाऊबाईंनी तेव्हा तिलाच विचारलं होतं.

राग गेला नाही, पण आता तो काढायचा कुणावर? दुसऱ्या दिवशी तिने दाराजवळच्या कडीपासून फाटकाच्या खांबापर्यंत जाड दोर ताणून बांधला.

“मी काय सर्कशीत आहे?” जाऊबाई फणकारल्या. पण सकाळी खिडकीतून दिसलं, त्या दोर धरून सावकाश फाटकापर्यंत गेल्या. मिठाविना. धाकटीने सुस्कारा सोडला, तोच भाऊजी घमेलं घेऊन निघाले.

“भाऊजी! आता कशाला?”

“उरलंय ना एवढं. वाया घालवायचं?”

तिने घमेलं अक्षरशः हिसकावलं, गाडीत टाकलं आणि उरलेलं सगळं मीठ दवाखान्याच्या रखवालदाराला देऊन आली. बर्फ वितळून जमीन मोकळी झाल्यावर बादल्याच्या बादल्या पाणी ओतून माती धुतली. पाठ मोडून गेली.

वसंतात झाडाची एक बाजू काळी पडून वाळली. दुसरीकडे इवली पालवी आली.

जाऊबाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “आली की! उगाच सगळ्यांचं डोकं खाल्लंस.”

धाकटीने छाटणीची कात्री उचलली.

“नुसत्या उभ्या राहू नका, ताई. ही वाळकी फांदी घट्ट धरा.”

जाऊबाई पुटपुटत पुढे झाल्या आणि त्यांनी फांदी धरली.